राबाचा कोयता

"माझा कोयता कधी देनार, तेवढं सांगा," ठकुबाई म्हणाली.

कचेरीच्या ओट्यावर बसलेल्या हवालदारानं डोळे मिटून घेतले. भोरच्या कोर्टात खटला उभा राहिल्यापासून ही बाई दर तारखेला येऊन हेच विचारत होती.

"बाई, हितं खुनाचा खटला चाललाय."

"मंग? खून कोयत्यानं केलाय व्हय? बंदुकीनं केलाय. बंदूक ठिवा की तुमच्याकडं."

"त्यो मुद्देमाल हाय. शिक्का बसलाय त्याच्यावर."

"अवं, चैत संपत आला. लोकांचं राब भाजून व्हायला आलं. आमच्या वाफ्यावर अजून टहाळ न्हाई. भात काय तुमच्या शिक्क्यावर पेरू?"

तिच्या दिराच्या, चिमाजीच्या, प्रेतापाशी सापडलेला कोयता त्याच्या घरची बाई मागते आहे, यात हवालदाराला नवल वाटलं नव्हतं. घरच्या बाईला घरची वस्तू हवी असणारच. कोयता कुणाचा, हे तिला अजून कुणी विचारलंच नव्हतं.

भाटघरच्या पाण्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत तिचं गाव. भाताच्या रोपासाठी चैतात जमीन भाजायची असते, त्यालाच राब म्हणतात; त्यासाठी माघातच झाडांचे टहाळ तोडून वाळत घालतात. खुनाच्या दिवशी ती ओढ्याच्या वरच्या ऐनाच्या झाडावर चढून टहाळ तोडत होती. खाली कातळावर दोघं बसलेले तिला दिसत होते. एक तिचा धाकटा दीर चिमाजी. दुसरा शेजारच्या वाडीतला तिचा धाकटा भाऊ गेनबा, रानडुकरांवर राखण करायची ठासणीची बंदूक मांडीवर घेऊन. गेनबानं हळदीच्या आडोशाला गांजा लावलेला होता. चिमाजी तो सारोळ्याच्या पुलापलीकडं, भोर संस्थानाच्या हद्दीबाहेर नेऊन विकायचा. हे दोन्ही घरांना ठाऊक होतं, आणि ठाऊक नसल्यासारखं दोन्ही घरं वागत होती.

मग बार झाला. ठकुबाई झाडावरून कशी उतरली ते तिलाही सांगता आलं नसतं. ती धावत गेली, चिमाजीचं डोकं मांडीवर घेतलं, आणि हातातला कोयता तिथंच पडला. त्यानं "वैनी" म्हटलं, आणखी काही म्हणाला नाही.

पंच येण्याआधी तिच्या नवऱ्यानं, कुंडलिकनं, गांजाचं गठुडं उचलून पेंढ्याच्या गंजीत दडवलं. कोयता मात्र राहिला. पोलीस पाटलानं लिहून घेतलं, 'मयताचे उजवे हाताशी एक कोयता'. ठकुबाई तेव्हाच म्हणाली होती, "पाटील, त्यो द्या हिकडं." पाटील म्हणाला, "आता कोर्टातनं मिळंल. गप बस."

त्या एका ओळीवर गेनबाचा सगळा बचाव उभा राहिला. चिमाजी कोयता घेऊन अंगावर आला, जीव वाचवायला बार काढला. भांडण कशावरून? बांधावरून. दोघांच्या शेतांमध्ये अख्खी टेकडी होती, पण भोरला ती कुणाला दिसणार?

चिमाजीच्या घरच्यांचं म्हणणं, तो हरवलेली म्हैस शोधायला गेला होता. म्हैस गोठ्यातून हलली नव्हती.

"तुमी दोन्ही घरं मिळून एकच खोटं ठरवा की," ठकुबाई एकदा कुंडलिकवर ओरडली होती. "म्हंजी मला बी पाठ कराया बरं."

आज तिची साक्ष होती. येताना बैलगाडीत सासू, धोंडाबाई, तिच्या कानाशी लागली होती.

"ठके, ध्यानात ठेव. कोयता आमच्या घरचा न्हाई म्हनायचं. माझ्या लेकाच्या कमरंला कोयता अडकवायची आकडी न्हवती. आकडीबिगार कोयता कुनी घेऊन फिरतं का?"

"न्हाई फिरत."

"मंग तसंच सांग. न्हाई म्हन. अन् गांजाचं नाव काढशील तर तुझा दाल्ला बी आत जाईल, हे समज."

"अन् खरं इचारलं तर?"

"खरं कोन इचारतंय तिथं!"

आता कचेरीसमोरच्या वडाखाली गेनबाचा वकील तिची वाट पाहत होता. बरोबर गेनबाची बायको सखूबाई, पदर तोंडाशी धरलेली.

"ठकुबाई, खोटं बोला असं मी म्हणतच नाही," वकील हळू आवाजात म्हणाला. "तुम्ही ज्या घरात नांदता, तो कोयता त्याच घरातला ना?"

"व्हय. घरातच असतोय. खुंटीला."

"झालं! मी विचारीन, तुमच्या घरातला ना? तुम्ही म्हणा, हो. पुढं अवाक्षर नको. खरं तेच सांगितल्यासारखं होईल."

"अन् त्यो चिमाजीच्या हातात कसा गेला?"

"ते मी सांगेन."

"तुमी व्हता व्हय झाडावर?"

वकिलानं चष्मा काढून पुसला. सखूबाई पुढं झाली. "वन्सं, पाया पडते. फाशी व्हईल वो त्यांला. तुमीच न्हवं का त्यांला कडंवर खेळवला?"

"खेळवला की! अन् चिमाजीला रोज ताज्या भाकरीचा पापुद्रा काढून कोन देत व्हतं? म्याच. खाताना माझी आठवन झाली न्हाई कुनाला. कातळावर बसून कारभार करताना झाली न्हाई. आता समद्यांला ठकू पायजे." तिनं पदर खोचला. "अन् सखू, तुला ठावं हाय त्यो कोयता कुनाचा हाय."

सखूबाईनं मान खाली घातली. ठाऊक होतं. ठकुबाईच्या लग्नात गेनबानं लोहाराकडून पातं घडवून घेतलं होतं, आणि खैराची मूठ स्वतः तासून बसवली होती. दर भाऊबीजेला ओवाळायच्या आधी तो म्हणायचा, "आक्का, कोयता आन." मूठ हलवून बघायचा, ढिली असेल तर बुडखा ठोकायचा, मगच पाटावर बसायचा. सासरच्या घरात भांडी, गुरं, उखळ सगळं सासरचं होतं. कोयता तेवढा तिचा होता.

तिचा पुकारा झाला.

कोर्टात गेनबा पिंजऱ्यात उभा होता. वाळला होता. त्यानं बहिणीकडं पाहिलं नाही. सरकारी वकिलानं थोडकंच विचारलं. बार ऐकला का, ऐकला. धावत गेलीस का, गेले. म्हशीबद्दल विचारलं तेव्हा ती म्हणाली, "म्हशीचं म्हशीला इचारा." न्यायाधीशांनी तिला समज दिली.

मग गेनबाचा वकील उठला. शिपायानं कोयता तिच्यासमोर धरला. मुठीला सुतळी गुंडाळून तांबड्या लाखेचा ठसा मारला होता. पात्यावर गंज चढला होता.

"हा कोयता तुमच्या घरातलाच आहे ना? हो की नाही, एवढंच सांगा."

ठकुबाईनं हात पुढं केला. शिपायानं मागं घ्यायच्या आत तिनं मूठ धरून हलवली. पातं खडखडलं.

"मूठ कुनी ढिली केली?"

"बाई, प्रश्नाचं उत्तर द्या," न्यायाधीश म्हणाले. "कोयता तुमच्या घरातला आहे का?"

तिनं मागं बसलेल्या सासूकडं पाहिलं. सासू नाही म्हणून मान हलवत होती. वकील हो म्हणून डोळ्यांनी खुणावत होता. सत्यासाठी ती बोलली, असं लिहायला माझा हात धजत नाही. मला वाटतं, ती नुसती वैतागली होती. एवढ्या माणसांनी त्या कोयत्याची मालकी ठरवली, आणि त्यात ती कुठंच नव्हती.

"माझा हाय," ती म्हणाली.

"म्हणजे तुमच्या घरातला," वकील घाईनं म्हणाला.

"तसं कसं? घरात लई काय असतंय. ह्यो माझा. माझ्या भावानं दिलेला. त्या दिशी बी माझ्याच हातात व्हता. म्या टहाळ तोडत व्हते. पळत गेले अन् तिथं पडला. तवाधरनं मागतीया, कुनी देईना."

कोर्टात लिहिणाऱ्याचा टाक थांबला.

न्यायाधीश पुढं वाकले. "मग मयताच्या हातात काय होतं?"

"सुंभ."

"काय?"

"सुंभ, साहेब. काथ्याची दोरी. उकिडवा बसून गठुड्याचं तोंड बांधत व्हता."

"कसलं गठुडं?"

कुंडलिक बाकाच्या कडेला आला होता. ठकुबाईनं त्याच्याकडं पाहिलं नाही.

"गांजाचं."

मागं धोंडाबाईनं कपाळावर हात मारला.

"माल ओला हाय, म्या न्हाई नेत, असं ह्यो चिमाजी म्हनत व्हता. गेन्या म्हनला, नेतो कसा न्हाई. चिमाजी हसला. त्याला हसायची खोडच व्हती. म्या वरनं वराडनार व्हते, गप बसा रं दोघं. तवर बार झाला."

"आरोपीवर त्यानं हात उगारला का?"

"दोन्ही हात सुंभात व्हतं," ती म्हणाली. तिचा आवाज तेव्हा पहिल्यांदा फाटला. "त्यो नुसता हसला वो."

दुपारी गेनबाला परत तुरुंगाकडं नेलं. ठकुबाई ओट्याखाली एकटीच उभी होती. सासरची गाडी तिला न घेता निघून गेली होती. सखूबाई वडाखाली बसून होती, पण तिनं तोंड फिरवलं. पोलिसांच्या मधून चालत गेनबा ठकुबाईसमोर आला आणि थांबला. तो शिव्या देईल, थुंकेल, असं वाटून तिनं डोळे मिटले.

"आक्का," तो म्हणाला, "मूठ ढिली झालीया. पान्यात भिजव. फुगंल."

पोलिसांनी त्याला पुढं ढकललं.

गेनबाची फाशी टळली, जन्मठेप झाली. गंजीतलं गठुडं निघालं तेव्हा कुंडलिकलाही तुरुंग पाहावा लागला. दोन्ही घरांत तिच्याशी बोलणारं कुणी उरलं नाही. धोंडाबाई भाकरी घ्यायची, पण तिच्या हातून नाही. ठकुबाई ती तव्यापाशी ठेवून बाजूला व्हायची.

निकालानंतर हवालदारानं स्वतः बोलावून कोयता तिच्या हातात दिला. "घे बाई. सुटलीस तू अन् मी बी सुटलो."

तोवर राबाचे दिवस सरले होते. सगळ्यांच्या वाफ्यांवर काळी राख होती आणि त्यांचा वाफा तेवढा तांबडा, उघडा. ठकुबाई वाकडी वाट करून ओढ्यावर गेली. ओढा आटला होता, कातळाच्या पोटाला थोडं पाणी होतं. तिनं कोयता मुठीकडून त्यात बुडवला, वर धोंडा ठेवला आणि शेजारी बसली. ऐनाला तिनं तोडलेल्या जागी नवे धुमारे फुटले होते.

उन्हं कलली तेव्हा तिनं कोयता बाहेर काढला. लाख अजून मुठीला चिकटून होती, ती निघाली नाही. मूठ हलवून बघितली. घट्ट बसली होती. तिनं पुन्हा एकदा हलवून बघितली, आणि मग पदरानं पुसत तशीच बसून राहिली.