कुंभारणीचा फोटो

पेणजवळच्या जोह्यात आमच्या कारखान्यातल्या गणपतींचे डोळे गेली अठरा वर्षं मी आखते. माझा हात हलत नाही. असं मीच म्हणते. सासऱ्यांनी कधी म्हटलं नाही. आखलेले डोळे बघायचे, मान हलवायची आणि पुढच्या मूर्तीकडे बोट दाखवायचं, एवढंच.

आणि माझी धाकटी जाऊ मनस्वी, रोह्याची, लग्नाला दोन वर्षं झाली नाहीत, ती परसात मोबाइल घेऊन किड्यांचे फोटो टिपत फिरायला लागली. कढीलिंबावरची अळी, जास्वंदीवरचा नाकतोडा. सासरे चष्मा लावून तो नाकतोडा बघत बसले आणि म्हणाले, "पोरीला नजर हाय." मी समोरच रंग ढवळत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अठरा वर्षं डोळे मी आखायचे आणि नजर हिला!

त्यातून बाई गोड. भांडायलाही जागा देत नाही. चला ना वैनी बघायला, म्हणून रोज बोलवायची आणि मी रोज काहीतरी काम काढायची.

मग न्हाणीच्या भिंतीवर एक कुंभारीण माशी घर बांधू लागली. माती आमचीच. कारखान्यामागच्या ओल्या शाडूची गोळी तोंडात धरून आणायची आणि थापायची. मनस्वी दोन दिवस तिच्यामागे. जेवतानाही दुसरा विषय नाही. सासरे म्हणाले, ही तर आपल्यातलीच कारागीर. एका माशीला! मला तो शब्द कधी मिळाला नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी मनस्वी चार्जिंगला लावलेला मोबाइल आणायला आत गेली. माशीही मातीला गेलेली. मी खराटा उचलला आणि ते सुपारीएवढं घर खरवडून काढलं. माती पायाने पसरली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मनस्वी आली, भिंत बघून थबकली. पालीनं पाडलं असेल, म्हणाली. तेवढ्यात माशी नवी गोळी घेऊन परतली आणि त्या जागेसमोर घिरट्या घालू लागली. मनस्वीचे डोळे भरले, हात कापायला लागले. तिने मोबाइल माझ्या हातात दिला.

"तुमचा हात थिर हाय वैनी. तुमीच काढा."

मी काढला. कोरी भिंत, समोर माशी, तोंडात ओली माती. एकदम स्वच्छ आला.

रात्री जेवताना मनस्वीने तो सगळ्यांना दाखवला, वैनींनी काढला म्हणून कौतुकाने सांगितलं. दिराने लगेच ग्रुपवर टाकला. सासऱ्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"अठरा वर्षं बघतोय," ते म्हणाले, "असा हात अख्ख्या पेणात नाय." मग फोटो जवळ धरून त्यांनी विचारलं, "पन हिचं घर पाडलं कुनी?"

"पालीनं," मी म्हणाले आणि त्यांना भात वाढला.