लिलीची जागा

"अजून भोकच आहे की हो इथं!" लाम्बर्टने चित्रावर बोट रोखलं. "माझी बाई नाकाशी गुलाब धरून वर्षभर बसलीय. तुमची एक लिली काही येत नाही. जुन्या चित्रावरून उतरवा ना, गिलिसकाका!"

गिलिस खिडकीतल्या कुंडीकडे बघत राहिला. 'गंध' नावाच्या या चित्रातली बाई लाम्बर्टने रंगवलेली, फुलं गिलिसची. अँटवर्पच्या चित्रकारांत असं जोडीनं रंगवणं नेहमीचंच. पण फूल समोर उमलल्याशिवाय गिलिस कुंचला उचलत नसे, मग गिऱ्हाईक कितीही आदळआपट करो.

एक गोष्ट मात्र त्याने सगळ्यांपासून झाकून ठेवली होती. वीस वर्षांपूर्वीच्या तापात त्याला वास येणं कायमचं बंद झालं होतं. ते फक्त कातलैनला, त्याच्या बायकोला ठाऊक. रोज सकाळी ती खिडकीशी स्टुलावर बसून नवं फूल हुंगायची.

"ट्युलिप?"

"वास कसला! नुसता तोरा."

"नार्सिसस?"

"तुमच्या बहिणीसारखा. आधी गोड, मग डोकं उठवणारा."

तो हसायचा आणि तसंच रंगवायचा. लिलीचं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आत्ताच कंद लावलाय. उमलू दे, मग सांगते." फेब्रुवारीत ती गेली.

आज सकाळी लिली उमलली होती. तिच्याखालची एक कळी मिटलेली होती.

"लाम्बर्ट, जरा हुंगून सांग. कशी आहे?"

"लिलीसारखी! आणखी कशी असणार?" लाम्बर्ट हसला आणि एकदम थांबला. "का हो? तुम्हाला येत नाही?"

"वीस वर्षं झाली."

"मग ही एवढी फुलं?"

"कातलैनच्या नाकानं काढली."

लाम्बर्ट ओशाळला. त्याने डोळे मिटून पुन्हा हुंगलं. "गोड आहे... जरा जड... म्हणजे..."

"राहू दे. तुझा काही दोष नाही."

गिलिसने कुंचला उचलला आणि मोकळ्या जागेत मिटलेली कळी रंगवली.

"गिऱ्हाईक विचारेल, उमललेली का नाही काढली?"

"सांग, तिचा वास अजून कळायचाय."

लाम्बर्ट निघून गेला. गिलिसने कुंचले धुतले. मग कुंडी उचलून स्टुलावर ठेवली आणि थोडी फिरवली. उमललेलं फूल बरोबर तिथं बसणाऱ्या कातलैनच्या नाकाच्या उंचीला आलं.