धमकीला चार गुण

इंग्रजीतली चिठ्ठी माझ्या हजेरीपटातच ठेवलेली होती. ‘आज तू जीव गमावशील. तुला वाटतं त्याहून शेवट मोअर वर्स होईल.’ गमावण्याच्या ‘लूझ’मध्ये एक ओ जास्त घालून त्याचा ‘लूस’, म्हणजे सैल, केला होता. वर ‘मोअर वर्स’! ‘वर्स’ म्हणजेच अधिक वाईट, मग आणखी ‘मोअर’ कशाला?

घाबरले नाही असं नाही. पण चाळीस वर्षं वह्या तपासल्यावर हात आधी चालतो, भीती मागून येते. दोन्ही चुकांना लाल गोल केले, दहापैकी चार गुण दिले आणि खाली लिहिलं, ‘सुधारून तीनदा लिहिणे. तास संपल्यावर मला भेटणे.’ मग कागद फळ्याशेजारी टाचून टाकला. उद्धटपणा माझ्या अंगातच आहे.

गुरुवार दुपारचा आमचा प्रौढांचा इंग्रजीचा वर्ग इंग्लंडमधल्या बर्नली गावातल्या एका चर्चच्या मागच्या खोलीत भरतो. नऊ विद्यार्थी. निवृत्त बस कंडक्टर नॉरिसने चिठ्ठी वाचली.

“बाई, जिवावर उठलेल्याला चार? मला तर गेल्या वेळी तीनच दिलेत!”

सगळे खो खो हसले. ही सवय मीच लावलेली. दर आठवड्याला कुणाची तरी चूक मी मोठ्याने वाचून दाखवते, चहाबरोबर तेवढीच करमणूक.

“थट्टा पुरे. पोलिसांना कळवा,” नॉरिस हळूच म्हणाला.

“काय कळवू? माझ्या विद्यार्थ्याला तरतमभाव येत नाही म्हणून?”

चहा पिऊन परतलो तर टाचणी जागेवर होती, कागद नव्हता. बाहेरचं कुणी आलंच नव्हतं. म्हणजे या नऊ जणांतलंच कुणीतरी. ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’ शिकवताना मी एकेकाचा चेहरा न्याहाळत होते. सगळे मान खाली घालून लिहीत होते.

चार वाजता वर्ग सुटला.

“सोबतीला थांबू का?” नॉरिसने विचारलं.

“निघा हो, बस चुकेल तुमची.”

आठ जण गेले. बेरिल एन्टविसल उठली, तिने दाराला आतून कडी घातली आणि माझ्यासमोर तोच कागद ठेवला. दोन्ही शब्द तीन-तीनदा लिहिलेले, खाली सगळी चिठ्ठी सुवाच्य अक्षरात.

“भेटायला सांगितलं होतंत ना, बाई.”

“बेरिल, तू?”

“माझा नवरा स्टॅन गेला तेव्हा पेपरात द्यायचा निधनाचा मजकूर तुमच्याकडे तपासायला दिला होता. तुम्ही तो वर्गात वाचलात. सगळे हसले. मीपण हसले, काय करणार?”

मला काहीच आठवत नव्हतं. भीतीपेक्षा त्याचीच जास्त लाज वाटली.

“बेरिल, माझं चुकलं गं.”

“आता हे वाचा. तसंच, मोठ्याने.” तिचा उजवा हात पिशवीत होता.

मी चष्मा चढवला. एखादी तरी चूक सापडू दे, तेवढाच वेळ मिळेल, म्हणून एकेक अक्षर तपासलं. बेरिलने मन लावून सुधारलं होतं. मी वाचू लागले.