धाकटीचा फोम, थोरलीचे बोर्ड

एका घरच्या दोघी सुना, एकाच धंद्यातल्या. सासऱ्यांचं काम इमारतींत ऊब आणि गारवा कोंडून ठेवायचं. धाकटी छतांना आतून फोम फवारायची, थोरली त्यावर जिप्समचे बोर्ड लावायची. धाकटीनं नळी धरली की पातळ धार बघता बघता फुगायची, सायीसारखी दाटायची, आणि बघणारे तोंडात बोट घालायचे. मग थोरली शिडी लावायची आणि ते सगळं झाकून टाकायची. झाकणारीचं कौतुक कोण करणार? तिचं काम चोख झालं तर नुसती भिंत दिसते.

सोळा वर्षं ती भिंती करत आली होती. धाकटीला येऊन जेमतेम तीन झाली होती. "धाकटीच्या हाताला काय गुण आहे," सासरे जेवताना म्हणायचे, आणि थोरलीचा घास तोंडातल्या तोंडात फिरायचा.

शिवणकामाच्या एका दुकानाचा माळा त्यांच्याकडे आला. माळ्यावर पाण्याची टाकी आणि वायरी, वर्षातून एकदा दुरुस्तीवाला चढणार, एवढंच ठरलं होतं. अशा जागी फोमवर आगरोधक रंगाचा हात पुरतो. तो मारून झाला त्या गुरुवारी मालकीण वर आली आणि हरखली. धाकटी तेव्हा खाली गाडीत नळ्या गुंडाळत होती.

"अगं बाई, ढगात आल्यासारखं वाटतंय," मालकीण थोरलीला म्हणाली. "मी सहाही मशिनी इथंच आणते, इस्त्रीचं टेबलसुद्धा. आणि हे असंच उघडं राहू दे. तुमच्या त्या पांढऱ्या पाट्या नकोत मला."

थोरलीला नियम पाठ होता. जिथं माणसं बसणार, तिथं फोम उघडा ठेवायचा नाही. तिथं नुसता रंग पुरत नाही. फोम पेटला की भराभरा पेटतो, आणि ज्वाळेच्या आधी धूर माणसाला गाठतो. बोर्ड आग विझवत नाही, पाव तास अडवून धरतो. पाव तासात जिना उतरता येतो.

हे सगळं जिभेवर आलं. पण 'पांढऱ्या पाट्या' काट्यासारख्या रुतल्या होत्या.

"बघा, तुमची मर्जी," ती म्हणाली. मनात म्हणाली, पुढच्या गुरुवारी पालिकेचा तपासनीस येईल, काम नापास म्हणून दारावर लाल चिठ्ठी डकवेल. कामावर नाव धाकटीचं आहे. होऊ दे एकदा तिचंही तोंड एवढंसं.

चार दिवस ती चिठ्ठी तिनं खडीसाखरेसारखी मनात घोळवली.

सोमवारी ती राहिलेली शिडी आणायला गेली. मालकिणीनं तपासनिसाची वाट पाहिलीच नव्हती. माळ्यावर सहाही मशिनी धडधडत होत्या. छत जिथं उतरत डोक्याला लागतं, तिथंच इस्त्रीचं टेबल, इस्त्री तापलेली, भोवती कापडाच्या चिंध्या. आणि मधोमध खुर्चीवर, बाह्या आखूड करून घ्यायला आलेली धाकटी. बाया माना वर करून छत बघत होत्या.

"हात आहेत की काय आहेत तुझे," एकजण म्हणत होती.

थोरलीला आधी ते बोलणं झोंबलं. मग इस्त्रीची भीती वाटली. हा क्रम तिचा तिलाच लाजवून गेला.

तिनं इस्त्रीची पिन ओढून काढली. "सगळ्या खाली चला. हा फोम झाकल्याशिवाय इथं बसायचं नाही."

"रंग मारलाय की, जाऊबाई," धाकटी म्हणाली.

"तो टाकीपुरता. माणसांसाठी नाही."

"माझं कौतुक चाललं की नेमके तुम्हाला नियम आठवतात."

बाया ओठ दाबून हसल्या. "जावाजावांचं आहे," एकीनं दुसरीला सांगितलं, "तू शिव." आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

थोरली खरं सांगत होती आणि ते कुणालाच पटत नव्हतं, कारण तिच्या पोटातलं सगळ्यांना तिच्या तोंडावर दिसत होतं.

"नाही बघवत मला तुझं कौतुक," ती म्हणाली. "सोळा वर्षांत माझ्या एका भिंतीकडे कुणी मान वर करून बघितलं नाही. मी जळते, हे खरं. हा फोम माझ्याहून लवकर जळतो, हेही खरं. उतरा आता."

मशीन थांबलं. सर्वांत वयस्कर बाईनं कात्री उचलली आणि जिना धरला. बाकीच्या तिच्या मागे.

नियम ऐकून मालकीण बोर्डांना कबूल झाली, आणि दुपारी ते आले. छताचा बोर्ड एकटीनं लागत नाही. एकीनं डोक्यावर तोलून धरायचा, दुसरीनं स्क्रू मारायचे. धाकटीनं धरला. थोरलीनं पहिला स्क्रू मारला आणि ड्रिल थांबवलं.

"मशिनी इथं येणार हे मला गुरुवारीच कळलं होतं."

"मग?"

"गप्प बसले. तुझ्या कामावर चिठ्ठी लागावी म्हणून."

बोर्ड हलला. सोडावा तर दोघींच्या डोक्यावर.

"त्या फोमखाली मी बसले होते, जाऊबाई. त्या सगळ्या बसल्या होत्या."

"हो."

"बाबांना कोण सांगणार?"

"मीच. आज जेवताना."

धाकटीनं बोर्ड पुन्हा वर रेटला. "आधी स्क्रू मारा," ती म्हणाली. "हात भरून आलेत. मग काय बोलायचं ते बोलते."

थोरलीनं लागतात तेवढे स्क्रू मारले. मग, नको असलेले, आणखी दोन मारले. धाकटीनं हात खाली घेतले, मनगटं चोळली. मग वाकून दुसरा बोर्ड उचलला.