तळ्यातली खाज

"खाजतंय? खाजू दे! पाप सुटतंय!" काठावरच्या खडकावर बसून खडकबाबा ओरडत होता आणि भरदुपारी गुडघाभर पाण्यात उभे असलेले लोक कराकरा पाय खाजवत होते. जितकी खाज जास्त, तितकं पाप जास्त धुतलं जातं म्हणे. आमचा किराणावाला तर पोटऱ्यांवरचं लाल पुरळ सगळ्यांना कौतुकाने दाखवत होता. पाप मिरवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

हसून सोडून दिलं असतं, पण त्या पाण्यात माझी भाचीही होती. कित्येक महिने ताई तिला इथे आणत होती. आता पोरीच्या लघवीतून रक्त जात होतं, चेहरा पिवळा पडला होता. बाबा म्हणे, जुनं पाप रक्तावाटे निघतंय!

"ताई, डॉक्टरकडे चल."

"तुझं विज्ञान शाळेत शिकव, मास्तर!"

मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिच्या घरी गेलो. पिण्याच्या पाण्याने काचेचा पेला तिच्याकडूनच भरून घेतला. तळ्यातल्या गोगलगायी तिच्यादेखत धुऊन त्यात सोडल्या आणि पेला खिडकीत उन्हात ठेवला. येरझाऱ्या घालून पाय दुखले. या गोगलगायींनी ऐनवेळी दगा दिला तर? ऊन चढल्यावर ताईच्या हातात भिंग दिलं.

"अगं बाई! हे काय वळवळतंय? शेपट्यासुद्धा आहेत!"

"जंतांची पिल्लं. गोगलगायीत वाढतात, उन्हात बाहेर पडतात आणि आपल्या कातडीतून आत घुसतात. म्हणून खाज. आत मोठी होऊन अंडी घालतात, म्हणून लघवीत रक्त. तीच लघवी तळ्यात गेली की अंडी फुटून निघालेली पिल्लं पुन्हा गोगलगाय गाठतात."

ताईने भिंग खाली ठेवलं. मग म्हणाली, "बाबांना विचारते."

पेला घेऊन ताई, भाची आणि मी तळ्यावर गेलो. बाबा गडगडाटी हसला. "हीच ती पापं! डोळ्यांना दिसली की नाही?"

"मग बोट बुडवा, बाबा. तुम्हाला कसली भीती?" मी पेला पुढे केला.

बाबाचं बोट पेल्यापर्यंत आलं आणि आखडलं. "आज माझं मौन आहे," तो मोठ्याने म्हणाला.

ताईने पोरीचा हात धरला आणि थेट दवाखाना गाठला. डॉक्टरांना लघवीत जंतांची अंडी सापडली. त्यांनी गोळ्या दिल्या, बरी होईल म्हणाले. बाहेरच्या बाकावर भाची हळूच माझ्याजवळ सरकली.

"मामा, म्हणजे मी पापी नव्हते?"

इतके महिने ही चिमुरडी हेच मनात घेऊन झोपत होती!

"नाही गं बाळा. नुसते जंत होते."

लोकहो, पाण्यात अंग खाजलं तर पाप शोधू नका, गोगलगाय शोधा. तळ्यात लघवी करू नका. आणि आजारी लेकराला पापी ठरवणाऱ्याचं ऐकण्याआधी दवाखान्याची पायरी चढा.