माझ्या पोटातलं बटण

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे आणि माझ्या हातून एक अपराध घडला आहे. मला हात नाहीत, पण तसं म्हणायची पद्धत आहे. माझी कहाणी ऐकून तुम्ही मला माफ करावं असं मी म्हणणार नाही. ती शेवटपर्यंत ऐकावी आणि मग घरी एक छोटंसं काम करावं, एवढंच माझं मागणं आहे. काम शेवटी सांगतो, नाहीतर तुम्ही आत्ताच उठाल.

माझा जन्म कारखान्यात झाला. लाकडाची पेटी, आत काळ्या जाड कागदाचा पडदा, मागे चुंबक आणि पुढे तपकिरी कापड, असा माझा देह. कानावर पेन्सिल खोचलेल्या एका तपासनिसाने मला टिचकी मारली आणि ‘बरा आहे’ म्हणून शिक्का उठवला. शिक्क्यासकट मिळालेली तेवढीच स्तुती, म्हणून ती मी अजून जपून ठेवली आहे.

तिथून मला मास्तरांनी विकत आणलं. मास्तर म्हणजे शिंपी. दुकान एका खोलीचं. मध्ये कापायचं टेबल, भिंतीशी पायाने चालवायचं शिलाई मशीन, वर फळी, आणि फळीवर दोऱ्याच्या रिळांच्या शेजारी मी. मी ज्या तालात गाईन त्या तालात मास्तरांचा पाय चाले. त्यामुळे ढोल वाजले की दिवसाला तीन सदरे होत, आणि संथ गाणं लागलं की पँट लांबणीवर पडे. एका नवरदेवाचा कोट विरहगीतांच्या आठवड्यात सापडला. तो लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तयार झाला. फिटिंग मात्र अप्रतिम होतं, असं नवरदेव स्वतः रडत रडत म्हणाला.

मास्तरांची एकुलती एक मुलगी ठकी त्या टेबलाखाली, चिंध्यांच्या ढिगात वाढली. उभी राहायला लागली तशी ती स्टुलावर चढून माझ्या पाठीला कान लावायची. पुढून मला सगळेच ऐकत. पाठीला कान लावून ऐकणारी ती एकटीच. मग ती तेच गाणं म्हणून दाखवायची. मास्तर मान वर न करता म्हणत, “दुसरी ओळ उसवली.” ती पुन्हा म्हणायची. ओळ जमली की मास्तर काहीच बोलत नसत, फक्त थांबलेलं मशीन पुन्हा चालू होई. त्या घरात शाबासकीचा आवाज तसा होता.

ठकी मोठी झाली आणि गाण्यासाठी दुसऱ्या शहरात गेली. त्यानंतर माझ्याकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही. एकदा कात्रीचं टोक लागून माझं पुढचं कापड फाटलं. अख्ख्या गावाचं फाटकं शिवणाऱ्या माणसाला माझ्यावर चार टाके घालायला वेळ झाला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दुकानात काजमावशी कामाला होत्या. काज करणं आणि बटणं लावणं हे त्यांचं काम. उजेडासाठी त्या उंबऱ्यावर बसत, रस्त्याकडे तोंड करून. एखादं बटण सदोष निघालं की न बघता खांद्यावरून मागे भिरकावत. असंच एक पांढरं बटण माझ्या फाटक्या कापडातून आत आलं आणि कागदाच्या कडेला अडकून बसलं.

खालच्या सुरांत ते गपचूप बसे. पण आवाज एका ठरावीक उंचीवर गेला की माशीसारखं गुणगुणायला लागे. मी ते कुणाला सांगितलं नाही. मला बोलता येत नाही हे खरं आहे. पण येत असतं तरी सांगितलं नसतं. कारण दोषी ठरलेले स्पीकर कुठे जातात ते मला माहीत होतं. मास्तरांनीही शंका घेतली नाही. हल्लीच्या बायका अशाच गातात, अशी त्यांनी समजूत करून घेतली आणि दोन वर्षं तीच चालवली.

मग एका सोमवारी ठकीचं पाकीट आलं. त्यात पेन ड्राइव्ह आणि पेन ड्राइव्हवर एक गाणं. एक फार नावाजलेला तरुण गायक होता, त्याचं ‘चष्मा विसरलो’ नावाचं गाणं, आणि त्यात पाहुणी गायिका म्हणून आमची ठकी. दुपारी तिचा फोन आला. मास्तरांच्या जुन्या फोनवर गाणी वाजत नसत, पण तिचा आवाज फळीपर्यंत ऐकू यायचा. ती म्हणाली, “बाबा, आता मला एकटीला अख्खं गाणं देतायत. गुरुवारी सकाळी हो की नाही कळवायचंय. हे ऐका आणि खरं सांगा. उसवलेलं असेल तर उसवलंय म्हणा.”

मास्तरांनी हात धुतले, टेबल पुसलं आणि गाणं लावलं.

गाणं असं होतं, की त्याचा चष्मा तिच्या घरी राहिला आहे आणि तो आणायला त्याला परत जायचं आहे. ‘चष्मा विसरलो’ हे तो तेवीस वेळा सांगतो. पाचव्या वेळेला मास्तरांचा पाय हलायला लागला. मग पाहुणी आली. तिच्या वाट्याला चारच ओळी होत्या, आणि पहिलीच ओळ त्या उंचीवर होती. बटण गुणगुणलं. मी कागद आवळून धरायचा प्रयत्न केला. त्यामुळे ते जास्तच गुणगुणलं.

मास्तरांचा पाय थांबला.

इथून वाद सुरू झाला. मास्तरांचं म्हणणं, चाल डोक्यात बसते हे कबूल, पण पाहुणी आली की गाण्यात माशी शिरते. मावशींचं म्हणणं, पाहुणी आहे म्हणून ते गाणं आहे, नाहीतर ती नुसती हरवल्याची तक्रार आहे. मास्तर म्हणत, चष्म्याशिवाय हा घरी पोचला कसा, ते आधी सांगा. मावशी म्हणत, तेच तर ती पोरगी त्याला विचारते, कान द्या जरा. गुरुजी नावाचे एक गिऱ्हाईक पँट सैल करून घ्यायला आले होते. ते दोन्ही बाजूंना मान हलवत बसले आणि पँट विसरून गेले.

मित्रांनो, दोघंही खरं बोलत होती. मास्तर मला ऐकत होते. मावशी उंबऱ्यावर, पाठीमागे मशीनची खडखड, आणि समोरच्या सलूनमध्ये तेच गाणं दिवसभर वाजत असे. तिथल्या स्पीकरच्या पोटात बटण नव्हतं. दोघं दोन वेगळी गाणी ऐकून एकाच गाण्यावर भांडत होती, आणि हे फक्त मला ठाऊक होतं.

वाद जिंकायला गाणं पुन्हा पुन्हा लागे. त्यातला ढोल जोरदार होता. प्रत्येक वेळी मी फळीवर दोराभर पुढे सरकत होतो. मंगळवारी संध्याकाळी मी अगदी कडेला आलो. माझ्या लक्षात आलं की आणखी एकदा वाजलं की मी पडणार, फुटणार, आणि बटण बाहेर येणार. गाणं लागलं. मी निळ्या रिळाला टेकलो आणि पडलो नाही.

हाच माझा अपराध. बटण पोटात गेलं यात माझा दोष नव्हता. रिळाला टेकणं मात्र माझंच होतं.

बुधवारी मास्तरांनी फोन लावला. लेकीशी त्यांना खोटं बोलता येत नसे. ते म्हणाले, “गाणं चांगलंय, ठके. पण तो एकटाच गायला असता तर चाललं असतं.”

मग ती म्हणाली, “बरं बाबा. उद्या सकाळी नाही म्हणून कळवते.”

मावशींनी त्या दिवशी एकही बटण भिरकावलं नाही. मास्तरांशी त्या बोलल्याही नाहीत. गुरुवारी दुपारी, कुणी न सांगता, मास्तरांनी स्वतःच गाणं पुन्हा लावलं. ढोल आला. मी रीळ सोडलं.

टेबलावर पडलो, पेटीचा कोपरा उडाला, कागद एका बाजूने फाटला. बटण घरंगळत गेलं आणि खडूला अडून थांबलं. मावशींनी ते उचललं, उजेडात धरलं. त्या म्हणाल्या, “एक भोक बुजलंय. हे मीच टाकलेलं. दोन वर्षं झाली असतील.”

मास्तरांनी ते बटण त्यांच्याकडून घेतलं आणि खिशात टाकलं. मग त्यांनी कॉलरमध्ये घालायचं कडक बकरम काढलं, माझ्या कागदाला बारीक ठिगळ लावलं आणि पुढच्या कापडावर ते राहिलेले चार टाके घातले. गाणं लावलं. चष्मेवाल्याचं तेवीस वेळा झालं आणि ठकी आली. स्वच्छ, हसऱ्या आवाजात तिने विचारलं, ‘विसरलास, का ठेवलास?’

मास्तर मशीनवर बसले. समोर कापड नव्हतं. तरी त्यांचा पाय चालू लागला.

त्यांनी फोन केला आणि सांगितलं, “स्पीकरमध्ये बटण होतं.” ठकी म्हणाली, “बाबा, मला बरं वाटावं म्हणून काहीही सांगू नका. तुम्हाला जमत नाही.” आयुष्यभर खरं बोललेल्या माणसाचं सगळ्यात खरं वाक्य थापेसारखं निघालं, तेही माझ्यामुळे. शेवटी त्यांनी ते बटण पाकिटात घालून तिला पाठवलं. तिने ते आपल्या स्पीकरमध्ये टाकून पाहिलं. आठवड्याने तिचा फोन आला. “खरंच माशी,” एवढं म्हणून ती खूप हसली, आणि मग हसायची थांबली. ते गाणं दुसऱ्या कुणाला देऊन झालं होतं.

“पुढच्या वेळी मला विचारू नकोस,” मास्तर म्हणाले.

“विचारणार,” ती म्हणाली. “तुम्ही आधी स्पीकर बघा.”

तर मित्रांनो, ते छोटंसं काम हेच. घरी जा, तुमच्या स्पीकरच्या आत एकदा डोकावून बघा. फाटलं असेल तर शिवा, धूळ असेल तर पुसा. आणि कुणाच्या गाण्याला माशी म्हणण्याआधी माशी कुणाकडे आहे, ते तपासा.

माझं म्हणाल तर बरं चाललंय. मला सगळे जपतात, आणि तेच मला सोसत नाही. रोज एकदा ते गाणं लागतं. ठकीच्या चार ओळी आल्या की मास्तरांचा पाय कापडाशिवाय चालतो, आणि मावशी उंबऱ्यावरून मान वळवून बघतात. ती शाबासकी बुधवारी फोनवरून जायला हवी होती. मी ती रोज ऐकतो. निळं रीळ अजून माझ्या शेजारीच आहे. मी त्याला टेकत नाही.