हातचा एक

गणितात नापास झाले तेव्हापासून हातचा एक माझ्या डाव्या मुठीतच आहे. दहावीच्या पेपरात बेरीज करताना तो घेतला आणि पुढे मिळवायचा विसरले. बिचारा जाणार कुठे? राहिला तिथेच.

आता त्याला माझी सवय झाली आहे. मी भांडी घासायला बसले की तो अंगठ्याखाली सरकतो. दुपारी झोपतो, तेव्हा तळव्याला त्याचं गोल डोकं लागतं आणि खाली वाकडी शेपटी. थंडी पडली तशी आमच्या यांनी माझ्या मुठीवर कानटोपी चढवली.

"पुन्हा परीक्षेला बसलीस की हा जाईल ना गं?"

"जायलाच पाहिजे. नाहीतर बेरीज कशी जुळणार?"

"हं," म्हणाले, आणि कानटोपी सारखी केली.

मी बालवाडीत मदतनीस आहे. दहावी झाले की मला वर्ग देणार, असं मोठ्या बाईंनी कबूल केलंय. पोरांचे शेंबूड पुसण्यात कमीपणा नाही, पण मला त्यांना शिकवायचंय. त्या वर्गासाठी जीव नुसता तुटतो माझा. म्हणून यंदा पुन्हा बसले.

पेपरात मागचीच बेरीज आली होती. एकम सोडवेपर्यंत बाक नेहमीएवढा होता. दशकापाशी आले तर तो इतका लांबला, की शेजारची बाई पार लांब, पेरूएवढी दिसायला लागली. पर्यवेक्षक सर सायकलवरून आले.

"मूठ उघडा."

"कॉपी नाही सर, हातचा आहे."

"यंदाचा?"

"मागचा."

"मग मिळवा की. पेपर गोळा करायची वेळ झाली."

मी मूठ उघडली. उजेडाने तो आक्रसला, मग कागदावर उतरून दशकाच्या घरापर्यंत चालत गेला. दार उघडंच होतं. आत सात आणि चार एकाखाली एक बसले होते. हा उंबऱ्यावर थांबला आणि मागे वळला.

"जा रे राजा," मी म्हटलं.

"तू?"

"मी आहे की इथेच."

"इथे म्हणजे कुठे?"

त्याने माझी करंगळी धरली. मला अगदी गलबलून आलं. वर्गही हवा होता आणि हाही. बालवाडीत पहिल्या दिवशी पोर असं दारात अडलं, तर मी त्याला ढकलत नाही, सोबत आत जाऊन बसते.

मी चपला बाकाखाली काढल्या, पदर खोचला आणि चौकट लागू नये म्हणून वाकून आत गेले.

"दार लोटून घ्या," सात म्हणाला.

"जरा सरकून बसा. आम्ही दोघं आहोत."

बाहेर सरांनी कागद उचलला, आणि घर हळूहळू वर जायला लागलं.